देखाव्यातल्या नेत्याचा आवाज

बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांची पुस्तकं मी अजून हलवलेली नाहीत. अंबरनाथच्या घरात, भिंतीत ठोकलेल्या फळ्यांवर ती तशीच उभी आहेत आणि त्यांत लढायांची पुस्तकं सगळ्यांत जास्त आहेत. बाबा स्वतः मुंगी चुकवून पाय टाकणारे. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. पण एखादा राजा किंवा पुढारी लढाईला का उठतो, हे शोधण्याचा त्यांना नाद होता. लढाई कशी झाली, कोण जिंकलं, ती पानं ते भराभर उलटत. पहिलं प्रकरण मात्र दोन-दोनदा वाचत. "कारण सापडलं की पुस्तक संपलं," असं ते म्हणत. "पुढे नुसतं मारामारीचं वर्णन."

दुसऱ्यांची इतकी कारणं शोधणाऱ्या माणसाकडे स्वतःचंही एक कारण होतं. ते फक्त एकाच माणसाला, माझ्या मोठ्या भावाला, सांगायचं होतं. ते सांगून होतंय की नाही, एवढाच त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांतला खरा प्रश्न होता असं मला आता वाटतं.

दादा आयटीआय करून फ्रीज दुरुस्तीचं काम शिकला होता. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी काकांचं लायटिंगच्या सामानाचं दुकान होतं. माळा, होल्डर, छोट्या मोटरी असं सगळं तिथे मिळे. त्या काकांनी दुकानाच्या एका कोपऱ्यात दादाला टेबल टाकून दिलं होतं. दादा तिथे खूश होता. हाताला काळं लागलेलं, कानावर पेन्सिल, आणि बोलण्यात अर्ध्या सिंधी शिव्या. घरी आल्यावर त्या तो आईला ऐकवायचा आणि आई अर्थ न विचारता हसायची.

याच सुमारास माझ्या धाकट्या काकांनी बदलापूरला, चामटोलीच्या अंगाला, बंगला बांधला. काका दहावीला दोनदा बसलेले, पुढे वीटभट्टीत शिरलेले. वास्तुशांतीला आम्ही तिघं गेलो. दादा कामावर होता, तो आला नव्हता. जेवणं झाल्यावर काका सगळ्या पाहुण्यांना गच्ची दाखवायला घेऊन गेले आणि तिथे त्यांच्या सासरच्या मंडळींसमोर बाबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भाऊ, तुम्ही पुस्तकं वाचलीत, आम्ही विटा वाचल्या. ज्याचं त्याचं नशीब!" सगळे हसले. बाबाही हसले. मग कुणीतरी विचारलं, "यांचा मुलगा काय करतो?" काका म्हणाले, "कॅम्पात फ्रीज पुसतो." पुन्हा हसणं झालं. त्यात वाईट हेतू होता असं मी आजही म्हणणार नाही. काका भरल्या पोटी बोलत होते.

पुढच्याच आठवड्यात बाबा कॅम्प दोनला गेले. सिंधी काकांचे मेहुणे कुवेतला होते, एसी बसवणाऱ्या एका कंपनीत. बाबांना दादासाठी तिथला व्हिसा हवा होता. मी सोबत होते.

"साईं, बैठो तो सही," सिंधी काका म्हणाले. "लडका इथे खूश आहे, धंदा शिकतोय. दोन साल मध्ये स्वतःची दुकान टाकेल. वाळवंटात कशाला पाठवता?"

"त्याचं भविष्य आहे," बाबा म्हणाले.

"भविष्य तर इथे पण आहे ना. की कॅम्पात भविष्य येत नाही?"

बाबा त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिले आणि शेवटी व्हिसा आला. दादाला जायचं नव्हतं. निघायच्या दिवशी दारात त्याने शेवटचं विचारलं, "बाबा, खरंच का पाठवताय मला?" बाबा म्हणाले, "हे मी तुझ्या भल्यासाठीच करतोय. उद्या तुलाच कळेल." दादाने वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलली.

तो जाऊन वर्ष झालं असेल. गणपतीला जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि एका सकाळी रेडिओवर बातमी आली की इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. फोन बंद, पत्रं बंद. आईने देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही असं ठरवलं. बाबांनी वाचनालयातून अरबस्तानच्या इतिहासाची पुस्तकं आणली.

त्या वेळी मला ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. बाबांची समजूत अशी होती की इराकच्या हुकूमशहाला नेमकं काय हवंय ते कळलं, तर तो कुठे थांबेल तेही कळेल. तेल हवं असेल तर तो तेलाशी थांबेल, बंदर हवं असेल तर बंदराशी. आणि तो थांबला की दादा सुटेल. जेवताना ते आईला हे समजावून सांगत. आई म्हणे, "त्याला काय हवंय ते त्याच्या आईला विचारा. माझा मुलगा मला हवाय."

आमच्या कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी हलता देखावा असे. पुतळ्यांचे हात आणि माना गाडीच्या वायपरच्या मोटरवर हलत, मागे कॅसेटवर निवेदन चाले आणि शेवटी राक्षस मरे. लाल दिवा, सुतळी बॉम्बचा आवाज, टाळ्या. निवेदन बाबा लिहीत. त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी ठरवलं की देखावा आखाताच्या लढाईवर करायचा. आमच्याकडे विचारायला ते जरा भीतभीतच आले.

"तुमचा मुलगा तिकडे आहे, म्हणून तुम्हालाच आधी विचारतो. नको असेल तर नको."

"करू या," बाबा म्हणाले. "लोकांना कळू दे तरी."

देखाव्याचं सामान आणायला बाबा आणि मी पुन्हा कॅम्प दोनला गेलो. सिंधी काकांच्या मेहुण्यांचीही काही खबर नव्हती. काकांनी मोटरी बांधून दिल्या, चहा मागवला. बाबांनी त्यांनाही विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, का घुसला असेल तो?"

काका बराच वेळ माळेची गाठ सोडवत राहिले. "साईं, फाळणीत आम्ही सिंधमधून निघालो तेव्हा मी एवढासा होतो," त्यांनी टेबलाच्या उंचीवर हात धरला. "माझे वडील बराकीत बसून रोज हाच सवाल करायचे. नेता लोकांनी असं का केलं, त्यांच्या दिल में काय होतं. पंधरा-वीस साल विचारलं. दुकान आईने चालवलं." मग ते एकदम हसले. "मोटर दोन पाहिजे की तीन?"

दोन पुतळे नव्याने करायला वेळ नव्हता. म्हणून गेल्या वर्षीच्या राक्षसाची शिंगं कापली, त्याला लष्करी टोपी घातली आणि मिशी रंगवली. त्याच्या विरुद्ध उभ्या असलेल्या मोठ्या देशाच्या नेत्यासाठी गेल्या वर्षीच्या देवाला कोट चढवला. बाबा म्हणाले, "हे बरोबर नाही. दोघांनाही राक्षसाचंच अंग हवं."

"वा! मग टाळ्या कुणाला?" अध्यक्ष म्हणाले. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, मोठ्या आवाजाचे आणि दिलदार. "आणि शेवटी ते शांतता-बिंतता फार ताणू नका हं लेखक. लढाई लागली की आमचा ओव्हरटाइम लागतो. तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय आणाल!"

बाबांनी पहिल्यांदा लिहिलेलं निवेदन फार लांबलं होतं. त्यात तेलविहिरी होत्या, जुन्या सरहद्दी होत्या, आधीच्या लढाईचं कर्ज होतं. आमच्याच खोलीत बैठक भरली आणि अध्यक्षांनी ते अर्ध्यावरच थांबवलं. "हा काय एमएचा पेपर आहे? लोक रांगेत असतात, कडेवर पोरं असतात. दोन मिनिटांत सांगा, का घुसला?"

बाबांनी कागद खाली ठेवले. ते म्हणाले, "खरं सांगू? तेल, कर्ज ही सांगायची कारणं. खरं कारण कुठल्या तरी मेजवानीत झालेलं असतं. कुणीतरी चारचौघांत याला हसलेलं असतं. मग तो घरी येऊन नकाशा उघडतो."

आई चहाचे कप देत होती. ती म्हणाली, "मेजवानीत की वास्तुशांतीत?"

"काय म्हणालात वहिनी?"

"काही नाही. साखर बरोबर आहे ना, विचारलं."

बाबांनी कप उचलला तो तसाच हातात राहिला. अध्यक्ष मात्र मेजवानीच्या कल्पनेवर खूश झाले. पण ती दोन मिनिटांत बसेना, म्हणून शेवटी ठरलं की टोपीवाला नेता स्वतः लोकांशी बोलेल आणि लोकांना त्याचं खोटं आपोआप दिसेल. नेत्याचा आवाजही बाबांनीच द्यायचा. त्यांचा आवाज खर्जातला, भरीव होता. घरात तो आवाज फारसा वापरात नसे.

दुपारी, कॉलनी शांत असताना, आम्ही रेकॉर्डिंग केलं. बटण दाबायला मी होते. बाबा ताठ बसून वाचू लागले. मध्येच एक वाक्य आलं, "हे मी माझ्या लोकांच्या भल्यासाठीच करतो आहे. उद्या त्यांनाच कळेल." तिथे ते अडखळले. त्यांनी पाणी मागितलं. मी कॅसेट मागे घेतली. मला वाटलं, आता ते वाक्य बदलतील. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा, आधीपेक्षा सावकाश, म्हटलं.

मांडव आमच्या खिडकीखालीच होता. संध्याकाळी आरती झाली की देखावा सुरू होई. एक रांग आत गेली की कॅसेट वाजे, ती बाहेर पडली की पुन्हा पहिल्यापासून. कर्णा आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला तोंड करून बांधला होता. आई पोळ्या लाटत असायची आणि खालून बाबांचा आवाज यायचा, भल्यासाठीच करतो आहे, उद्या त्यांनाच कळेल. त्याच वाक्यावर तेलविहिरींचे लाल दिवे पेटत आणि रांगेतले लोक ओरडत, "खोटारडा!" मुलं शिट्ट्या वाजवत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कॉलनीतल्या पोरांना ते वाक्य पाठ झालं. क्रिकेटमध्ये आउट झालेला मुलगा बॅट सोडायचा नाही आणि खर्जात म्हणायचा, "हे मी तुमच्या भल्यासाठीच करतो आहे." त्या वर्षी आई एकदाही आरतीला खाली उतरली नाही. कॅसेट लागली की ती लाटणं थांबवायची आणि संपली की पुन्हा सुरू करायची.

तिसऱ्या दिवशी बाबा अध्यक्षांकडे गेले.

"एवढं एक वाक्य काढू या. मी दुसरं भरून देतो."

"काय बोलता लेखक! तिथेच तर पब्लिक उसळतंय. आणि आता स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. नंबर आला की काय करायचं ते करा."

"नंबर नको मला."

"मंडळाला हवाय ना!"

बाबा परत आले आणि पुस्तक उघडून बसले. खाली त्यांचाच आवाज लोकांकडून शिव्या खात होता. विसर्जनापर्यंत त्यांनी त्या पुस्तकाचं पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सिंधी काका स्वतः रिक्षाने आमच्याकडे आले. जिना चढायच्या आधीच खालून ओरडले, "भाभी! जिंदा आहेत दोघं! जॉर्डनमध्ये आहेत, छावणीत. फोन आला!" आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि मग भिंतीला टेकून बसली. बाबा पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "बोलला का तो? स्वतः बोलला का?" मेहुणेच बोलले होते. ते म्हणाले, बसने बगदादवरून आले, आता विमानाचा नंबर लागायचा आहे.

दादा आला तो विसर्जनानंतर काही दिवसांनी, भर दुपारी. खाली पोरं मांडवाचे बांबू सोडवत होती. हातात एक प्लास्टिकची पिशवी, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट, गालफडं बसलेली. हातगाडीवर आडवा पडलेला तो टोपीवाला पुतळा त्याने पाहिला आणि म्हणाला, "च्यायला, हा इथपर्यंत आला?" सगळे हसले, कुणी त्याला मिठी मारली, कुणी रडलं. तेवढ्यात अध्यक्षांनी उत्साहाने टेपरेकॉर्डर आणायला सांगितलं. "दुसरा नंबर आला आपला! ऐक, ऐक, तुझ्या बाबांचा आवाज!"

आई, बाबा आणि मी गॅलरीत आलो होतो. खाली जायचं तर जिन्यात गर्दी झाली होती. दादा हातगाडीला टेकून सगळी कॅसेट उभ्याने ऐकत राहिला. ते वाक्य आलं तेव्हा पोरांनी सवयीने हुर्यो केली. दादाने वर पाहिलं. बाबा आत निघून गेले होते.

जेवताना आई त्याला वाढतच राहिली. बाबांनी विचारलं, "तिथले सैनिक... ते काय सांगत होते? का आले म्हणत होते?"

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक होता," दादा म्हणाला. "चाळिशीचा. शाळेत शिकवायचा म्हणे, मग भरती केला. पाणी प्यायला आमच्याकडे यायचा. अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी, बाकी हातवारे. मी विचारलं, तू इथे कशाला आलास? म्हणाला, आम्हाला सरावाला नेतो म्हणून सांगितलं. नंतर म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी आहे. मग त्याने मला विचारलं, तू कशाला आलास? मी म्हटलं, वडिलांनी पाठवलं. म्हणाला, का? मी म्हटलं, माझ्या भल्यासाठी." दादा हसला. "असा हसला तो! बंदूक खाली ठेवून हसला. मला मिठीच मारली त्याने."

आईने भाताचा चमचा पातेल्यात ठेवला. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठले. दादाने हे टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला खरंच ती मोठी गंमत वाटली होती.

जानेवारीत खरी लढाई पेटली. टीव्हीवर हिरव्या अंधारात उडणारे दिवे बघायला कॉलनी जमली, कुणी त्यांना दिवाळी म्हणालं. दादा उठून बाहेर गेला. बाबांनी तेव्हा कुणालाच कारण सांगितलं नाही, कुणी विचारलं तरी. मंडळाचं निवेदन पुढच्या वर्षीपासून दुसरं कुणीतरी लिहू लागलं.

दादाने पुढे बदलापूरला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते नीट चाललं. त्याचं आणि बाबांचं कधी भांडण झालं नाही. दोघं एकमेकांशी फार सांभाळून बोलत, पाहुण्यांशी बोलावं तसं. अनेकदा मी पाहिलं, दादा येऊन बसला की बाबा चष्मा काढत, तोंड उघडत, आणि मग पावसाबद्दल किंवा लोडशेडिंगबद्दल काहीतरी विचारत. आई होती तोवर ती दोघांच्या मध्ये चहा ठेवून आत निघून जायची, सांगायला जागा करून दिल्यासारखी. मग आईही गेली.

गेल्या वर्षी, आपल्याच सरहद्दीवर पुन्हा लढाई चालू असताना, बाबा अंथरुणाला खिळले. दादा रोज दुकान उघडायच्या आधी येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं असत. बाबा डोळे मिटून ऐकत. एका सकाळी भाषण अर्धं असताना ते म्हणाले, "ते ठेव जरा. मी तुला का पाठवलं, ते सांगायचंय."

"बाबा, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय."

"ऐक. त्या दिवशी बदलापूरला, काकाच्या गच्चीवर..." त्यांना धाप लागली.

दादाने त्यांचा हात धरला. "माहीत आहे मला. आईने सगळं सांगितलंय केव्हाच. माझ्या मनात काही नाही. तुम्ही पडा बरं शांत."

बाबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "तिने सांगितलं?"

"हो ना."

"सगळं?"

"सगळं."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. सुटल्यासारखा तो दिसत नव्हता. आणखी चार दिवस ते होते, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तेराव्याची माणसं गेल्यावर दादा आणि मी त्याच खोलीत बसलो होतो. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकांच्या गच्चीवर काय झालं होतं गं?"

"आईने सांगितलं होतं ना तुला?"

"छे. आई कधी काही बोलली? ते तसे धापा टाकत होते, मला बघवेना. म्हणून म्हटलं, माहीत आहे." मग तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "मला आपलं वाटायचं, मी घरात नकोसा झालो होतो. ते काळे हात, त्या शिव्या."

मी त्याला सांगितलं. गच्ची, पुस्तकं आणि विटा, कॅम्पात फ्रीज पुसतो, पाहुण्यांचं हसणं, बाबांचंही हसणं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"एवढंच?" दादा म्हणाला.

"एवढंच."

"हे तर मी हसून सोडलं असतं गं," तो म्हणाला. "त्यांनी सांगायला हवं होतं."

त्यांनी सांगायला घेतलं होतं, हे त्यालाही माहीत होतं.